लेकीच्या गावी बाहेरचं जेवण

जर्सी सिटीत आमच्या मुलाच्या ओळखीतलं कुणी हिंदुस्थानात निघालं, की तिकिटं हातात पडल्यावर एक फोन माझ्यासाठी यायचा. त्या काळी बरीच विमानं लंडनला थांबायची. आपली माणसं म्हणायची, थांबतोच आहोत तर दोन दिवस उतरू, शहर बघून घेऊ. मग जेवणाचा प्रश्न यायचा. "काका, लंडनला कुठं जेवावं हो?"

मी सांगायचो. सांगायला मला आवडायचं, खोटं कशाला बोलू? मंडळाच्या गणपतीला खुर्चीवर बसलो, की दोघं-तिघं शेजारी येऊन बसायचे. पण "काका, तुम्हाला हे सगळं कसं काय ठाऊक?" असं कुणी विचारलं, की मी प्रसादाचं काय झालं ते बघायला उठायचो. कारण खरं उत्तर सांगण्यासारखं नव्हतं. माझी सख्खी मुलगी लंडनला राहत होती. तिचं घर होतं, चार शेगड्यांचं स्वयंपाकघर होतं. मी तिच्याकडे तीनेक आठवडे राहिलो आणि तिच्या घरचा पाण्याचा घोटही घेतला नाही. म्हणून ते शहर मला जेवणावरनं पाठ.

आमच्या कराडच्या बाजूला आमच्या पिढीत रीत होती. लेक दिली, की तिला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. नातवंडाचं तोंड बघायचं आणि मग तिच्या हातचं जेवायचं. आता लोक हसतात. हसू द्यात. दिलेल्या घरावर बापानं भार टाकू नये, एवढाच त्यातला अर्थ. सोयऱ्यांनी म्हणू नये, की मुलीचा बाप आला आणि चार दिवस जेवून गेला. माझ्या थोरल्या बहिणीच्या गावाहून वडील भर उन्हात तहानलेले परत येताना मी बघितलेत. गावाबाहेरच्या ओढ्यावर बसले, ओंजळीनं पाणी प्यायले, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "पोरगी सुखात आहे." मी तेव्हा त्यांच्याबरोबर होतो. तो माणूस मला त्या वेळी राजासारखा दिसला. मी मराठी चौथीपर्यंत शिकलो, पुढं गवंड्याची थापी हातात घेतली, गवंडीकामाचा कंत्राटदार झालो. माझ्याकडे वडिलांचं म्हणून जे काही आहे ते एवढंच. घर त्यांनी ठेवलं नव्हतं, जमीन नव्हती. ही रीत होती.

मंडळी, म्हणजे पोरांची आई, वारल्यावर मुलगा म्हणाला, बाबा, आता अमेरिकेला चला. वाटेत मुलीकडे उतरायचं ठरलं. तिच्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती, आणि मूल नव्हतं.

पहिल्या सकाळी तिनं पोहे केले होते. वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. मी बूट घालून दारात उभा.

"बाबा, कुठं निघालात?"

"जरा पाय मोकळे करून येतो. खाऊन येतो बाहेर."

ती बशी घेऊन उभीच राहिली. कळलं तिला. आमच्याच घरात वाढलेली पोर. म्हणाली, "अहो, हे लंडन आहे."

"असू दे की. मी तर कराडचाच आहे."

जावयांना वाटलं, थट्टा चाललीय. ते हसले. विहीणबाई त्यांच्याजवळच राहायच्या. त्यांनी मुलीच्या हातातली बशी घेतली आणि दुसरी बशी वर पालथी घातली. मुलगी माझ्यामागं दारापर्यंत आली. तिनं मला दोन शब्द पाठ करायला लावले. "नो बीफ म्हणायचं. नो पोर्क म्हणायचं. म्हणा बघू." मी म्हटले. तिनं छत्री दिली.

तर लंडनला कुठं जेवावं? मी लोकांना सांगायचो ते असं. परक्या गावात पोटाची सोय बघायची असेल, तर आधी बांधकाम कुठं चाललंय ते बघावं. दुपारी तिथले गवंडी आणि बिगारी कुठल्या दारात शिरतात त्यावर नजर ठेवावी आणि त्यांच्यामागं शिरावं. काचेवर वाफ धरलेली असते, टेबलं चिकट असतात, पण तवा दिवसभर तापलेला असतो. दोन अंडी, तव्यावर भाजलेला टोमॅटो, तुपकट तळलेला पाव, आणि गोडसर लाल रश्शातले राजम्यासारखे दाणे. चहा भल्या मोठ्या मगात, साइटवर आपण करतो तसा काळाकुट्ट. मला बोलता येत नव्हतं. मी शेजारच्या गवंड्याच्या ताटाकडे बोट दाखवायचो आणि "नो पोर्क" म्हणायचो. तो माझे हात बघायचा. चुन्यानं खाल्लेले हात लपत नाहीत. एकानं तर आपल्या हाताची बोटं माझ्या बोटांशेजारी टेबलावर ठेवली आणि हसला.

मासा खायचा तर शुक्रवारी. जाड पिठात बुडवून तळलेला पांढरा मासा, खाली बटाट्याच्या जाड फोडी, वरनं मीठ आणि व्हिनेगर. कागदात गुंडाळून देतात. तो उभ्यानं आणि तिथंच खावा. घरी न्यावा म्हणाल तर वाटेत वातड होतो. मटण खायचं तर तुर्की माणसाकडे. निखाऱ्यावर भाजलेलं, सोबत कच्चा कांदा, आंबवलेली हिरवी मिरची आणि आपल्या भाकरीच्या चुलत बहिणीसारखी एक जाड रोटी. शाकाहारी माणसांना मी युस्टन स्टेशनामागच्या गल्लीत पाठवायचो. तिथं डोसा मिळतो, भेळ मिळते, आणि शेठ गुजराती असला तरी वाढपी हात आखडत नाही. साउथहॉलला पंजाब्यांकडे डाळ-रोटी चांगली. तिथल्या गुरुद्वारात मी एकदा पंगतीला बसलो. उठल्यावर मात्र मागं जाऊन चांगली तासभर भांडी घासली. फुकट जेवायची आपल्याला सवय नाही.

आणि दारात पितळी हत्ती ठेवलेली, लाल मखमलीच्या खुर्च्यांची जी इंडियन हॉटेलं असतात, तिथं पाऊल टाकू नये. सगळ्या भाज्यांना एकच रस्सा असतो. नावं तेवढी निरनिराळी.

एवढं सांगितलं, की लोक खूश. सार्वजनिक बागेतल्या नळाचं पाणी पिऊन दिवस काढले, ते मी कुणाला सांगत नसे. संध्याकाळी घरी परतलो, की मुलगी विचारायची, "आज कुठं जेवलात?" मी रंगवून सांगायचो. सुरुवातीला ती ऐकायची. नंतर नंतर विचारायची बंद झाली.

पुढं काही वर्षं गेली. मी जर्सी सिटीत रुळलो. मुलगा सकाळी गाडी पकडून मॅनहॅटनला जायचा, सून बँकेत जायची, मी खिडकीत बसून समोरच्या इमारतीची दुरुस्ती बघत त्या लोकांना मनातल्या मनात शिव्या घालायचो. लंडनचे फोन कमी झाले होते. मी म्हणायचो, महाग पडतं, म्हणून करत नसेल.

मग एका वसंतात जावयांना त्यांच्या कंपनीनं काही आठवड्यांसाठी न्यू जर्सीला पाठवलं. मुलगीही आली. कंपनीनं त्यांना हायवेवरच्या मोटेलात खोली दिली होती, कोपऱ्यात दोन शेगड्या असलेली. आमच्याकडनं बसनं अर्ध्या तासाची वाट. मला वाटलं, बरं झालं, आता लेक माहेरपणाला येईल.

पहिल्या रविवारी सुनेनं कोंबडीचा रस्सा आणि वडे केले. मुलगी आली, माझ्या पाया पडली, सोफ्यावर पर्स मांडीवर घेऊन बसली. हसली, बोलली. पानं मांडली तशी म्हणाली, "वहिनी, मी जेवून आलेय हो. तुम्ही बसा."

"असं कसं? तुमच्यासाठी तर केलंय सगळं."

"खरंच पोट भरलंय."

आम्ही जेवलो. ती बघत बसली. जावई मात्र दोन वाट्या रस्सा प्यायले. पुढच्या रविवारी तेच. ती गेल्यावर सून मला म्हणाली, "बाबा, एक सांगू? वन्सं पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. मी ग्लास ठेवला होता, तो जसाच्या तसा. मागल्या खेपेलाही तसाच होता."

"डाएटबिएट करत असेल," मुलगा म्हणाला.

"पाण्याचं कसलं डाएट?" सून म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. मी टीव्ही लावला.

तिसऱ्या रविवारी जावई आले नव्हते. पानं मांडली गेली आणि मुलीनं पर्स मांडीवर घट्ट धरली. या खेपेला तीच बोलली. आवाज अगदी गोड.

"बाबा, लंडनला कुठं जेवावं हे तुम्हाला सगळं ठाऊक आहे म्हणे. तुमच्या मंडळातली माणसं मला तिथं भेटतात ना, ती सांगतात. मग इथलंही सांगा की. जर्सी सिटीत कुठं जेवावं?"

सुनेच्या हातातली पळी तशीच राहिली. मुलगा म्हणाला, "काय तमाशा आहे हा?"

"तमाशा कसला, दादा? आपल्याकडची रीत आहे. बाबा माझ्या घरी जेवत नाहीत, मी त्यांच्या घरी जेवत नाही."

"हे माझं घर आहे," मुलगा म्हणाला.

"बाबा राहतात तेच माझं माहेर. दुसरं कुठलं?"

मी म्हणालो, "असली रीत कुठं नसते. बापानं लेकीकडे जेवायचं नसतं. लेकीनं माहेरी जेवायचं असतं."

"कुठं लिहिलंय?"

"लिहिलेलं वाचून मी कधी वागलोय का?"

तिला हसू आलं. एवढंसं आलं आणि गेलं. मग तिनं घड्याळ बघितलं आणि बसची वेळ झाली म्हणून उठली.

त्या सुमारास आमच्या भागात आपल्या लोकांना त्रास चालला होता. टिकली लावलेली बाई दिसली, की काही टारगट पोरं गाडीतनं ओरडायची. सुनेच्या एका मैत्रिणीवर तर कुणी बाटली भिरकावली होती. मुलगा म्हणाला, "बाबा, तिला बसपर्यंत सोडून या. एकटी नको." मी चप्पल शोधेपर्यंत ती जिना उतरून गेली होती. खिडकीतनं बघितलं तर ती बसथांब्यावर थांबली नाही. रस्ता ओलांडून सरळ पुढं गेली आणि कोपऱ्यावरच्या डायनरमध्ये शिरली. जेवून आलेय म्हणणारी बाई. म्हणजे तीन रविवार आमच्या घरात उपाशी बसून, मग खाली उतरून ती तिथं जेवत होती.

मी गेलो. डायनर म्हणजे पत्र्याच्या डब्यासारखं लांबट हॉटेल, खिडकीला लागून समोरासमोर बाकं. ती एका बाकावर बसली होती. पुढं सूपची वाटी आणि तव्यावर भाजलेला चीजचा पाव. मला बघून तिनं घास खाली ठेवला नाही. मी समोर बसलो. वाढणारी बाई आली, न विचारता बर्फाच्या पाण्याचे दोन ग्लास ठेवून गेली.

"हे पाणी चालतं ना तुम्हाला?" मुलगी म्हणाली. "माझं नाही ते."

मी प्यायलो. चिडून प्यायलो. मग म्हणालो, "वहिनीनं सकाळपासून राबून केलेलं. तिचा तरी विचार करायचास."

"मी केलेले पोहे कुणी खाल्ले होते बाबा? त्या पहिल्या दिवशीचे?"

"मला काय ठाऊक?"

"कुणी नाही. सासूबाईंनी संध्याकाळपर्यंत टेबलावर ठेवले झाकून. येणाऱ्या प्रत्येकाला बशी उचलून दाखवली." ती हळू बोलत होती, पावाचा कोपरा तोडत. "त्या चांगल्या बोलतात हो. कधी आवाज चढवत नाहीत. चहा देता देता सांगायच्या, हिच्या वडिलांनी इथलं पाणी घेतलं नाही. त्यांना ठाऊकच आहे ना, पोरीत काय कमी आहे ते. बाप सांगतोय, मी कुठं सांगतेय?"

मी म्हणालो, "अगं, मी तर तुझ्या मानासाठी..."

"माझा मान तुम्ही रोज सकाळी बूट घालून सोबत घेऊन जायचात. मी दार लावून घ्यायची."

माझ्या डोक्यात ही गोष्ट कधी अशी आलीच नव्हती. वडील तहानलेले परत यायचे तेव्हा बहिणीच्या घरात मागं काय बोललं जात असेल, हे ओढ्याच्या काठावरनं दिसत नव्हतं. मी ग्लासातला बर्फ हलवत बसलो.

"एकदा पाऊस होता," ती म्हणाली. "तुम्ही बागेतल्या बाकावर बसला होता, माझी छत्री डोक्यावर घेऊन. पाव आणि केळं खात होता. मी समोरच्या बसथांब्यावर उभी होते. संध्याकाळी मला सांगितलंत, तुर्की माणसाकडे मटण खाल्लं."

"हाक मारायचीस."

"मारली असती तर घरी आला असता जेवायला?"

तिनं सूप संपवलं, कागदी रुमालानं तोंड पुसलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "डॉक्टरांचं झालं सगळं, बाबा. औषधं, ऑपरेशन. आता काही करू नका म्हणालेत. मूल होणार नाही. म्हणजे तुमच्या रीतीनं बघितलं, तर तुम्ही किंवा मी, कुणीतरी एक जाईपर्यंत तुम्ही माझ्याकडे जेवणार नाही."

वाढणारी बाई कॉफी हवी का विचारायला आली. आमचे चेहरे बघून तशीच गेली.

"शनिवारी आमच्या खोलीवर या," मुलगी उठताना म्हणाली. "जेवायला. नुसतं भेटायला यायचं असेल तर येऊ नका. इथंही नको, लंडनलाही नको. मला आता दारात उभं राहायचं नाही."

मी तिला बसमध्ये बसवलं. बस वळेपर्यंत थांबलो. तिनं मागं बघितलं नाही.

तो आठवडा मला वाईट गेला. जेवण गोड लागेना आणि कुणी विचारलेलंही आवडेना. सून एकदा कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "बाबा, जा ना."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला एवढंच कळतंय, की माझ्या घरी त्या तीनदा उपाशी बसल्या. मला ते बरं वाटलं नाही."

मी तिच्यावर ओरडलो. तिनं घड्या पूर्ण केल्या आणि माझे सदरे माझ्या पलंगावर ठेवून गेली. एकटा बसलो, की एकीकडून वडील दिसायचे आणि दुसरीकडून ती झाकलेली बशी. वडिलांना मी विचारू शकत नव्हतो. मुलीला समजावू शकत नव्हतो. आयुष्यभर ज्या गोष्टीला मी आपली इभ्रत समजलो, तिचं परक्या बाईनं माझ्याच लेकीला मारायला लाकूड केलं होतं, आणि ते लाकूड मीच तिच्या हातात दिलं होतं. पण म्हणून रीत खोटी होती का? तेही माझ्यानं म्हणवेना. अजूनही म्हणवत नाही.

शुक्रवारी मुलगा कामावरनं आला आणि बूट काढता काढता म्हणाला, "बाबा, एक पॉइंट आहे. मोटेल म्हणजे तिचं घर थोडंच आहे? भाडं कंपनी भरते. उद्या तुम्ही तिथं जेवलात तर नियम काही मोडत नाही. टेक्निकली तुम्ही कंपनीकडे जेवताय."

खरं सांगतो, माझ्या छातीवरचा दगड उतरला. एवढा शिकलेला मुलगा, त्याला बरोबर वाट सापडली. वडिलांनाही तोंड दाखवता येईल आणि मुलीचंही मन राहील. त्या रात्री मी पोटभर जेवलो.

शनिवारी मुलानं मला गाडीतनं सोडलं आणि तो गेला. मोटेल दुमजली होतं, दारापुढं गाड्या, पलीकडे ट्रक धडधडत चाललेले. खोलीचं दार उघडंच होतं. आत गालिच्याचा ओलसर वास, पण त्यावर ज्वारीच्या पिठाचा आणि मटणाचा वास चढलेला. जावयांनी वाकून नमस्कार केला, खुर्ची पुढं केली आणि "मी पेपर घेऊन येतो" म्हणून खाली गेले. समजूतदार माणूस. मला वाटतं, तिनंच त्यांना सांगून ठेवलं असणार.

मुलगी तांब्यातनं आणावं तसं दोन्ही हातांनी काचेच्या ग्लासातनं पाणी घेऊन आली. माझ्यापुढं धरलं.

मी ग्लास घेतला. पाठ करून आणलेलं बोलून टाकलं. "ही खोली काही तुझं घर नव्हे. कंपनीची आहे. भाडं ते देतात. तेव्हा इथं घ्यायला काही हरकत..."

तिनं माझ्या हातातनं ग्लास काढून घेतला. पाणी थोडं माझ्या धोतरावर सांडलं.

"मग नको."

"अगं, म्हणजे मी जेवतोच आहे ना? जेवायलाच आलोय."

"पळवाटेनं जेवायचं असेल तर खाली हॉटेलं आहेत. तुम्हाला ती माझ्यापेक्षा लवकर सापडतात." तिचे डोळे माझ्यावरच होते. "हा तवा मी लंडनहून आणलाय. मिसळणाचा डबा माझा आहे. तो खाली गेलेला माणूस माझा आहे. आम्ही दोघं जिथं चूल मांडतो ते माझं घर. पोर असो नसो. माझं घर म्हणून प्यायचं असेल तर प्या. नाहीतर मी दादाला फोन करते, तो येऊन घेऊन जाईल."

ट्रक जात होते. शेगडीवर मटण रटरटत होतं. मी खुर्चीवरनं उठलो. खरं तर निघावं म्हणूनच उठलो. माझ्या वयाच्या माणसाला पोटच्या पोरीनं असं धरावं, हे मला सहन होईना. दारापर्यंत गेलो. तिथं तिचे बूट होते, शेजारी जावयांच्या घरात घालायच्या चपला, दोन्ही नीट जोडून ठेवलेले. बघायला गेलं तर त्यात काही नव्हतं. दोन माणसांचं पायताण. पण त्या दोन जोड्यांशेजारी तिसरी जोडी कधी लागणार नव्हती, आणि ती हे जाणून रोज नीट लावून ठेवत होती. दारातनं पाय पुढं टाकायचा तर मला त्या ओलांडाव्या लागल्या असत्या.

मी परत आलो. म्हणालो, "दे."

"काय म्हणून?"

"तुझं घर म्हणून. माझे वडील चुकले होते असं मी म्हणणार नाही. ते माझ्याकडून वदवून घेऊ नकोस. पण दे."

तिनं ग्लास दिला. पाणी कोमट होतं, त्याला औषधाचा वास येत होता. मी एका दमात प्यायलो. मला वाटलं होतं, ती रडेल, नाहीतर हसेल. तसलं काही झालं नाही. तिनं रिकामा ग्लास घेतला, धुतला, पालथा घातला, आणि परातीत पीठ घेतलं. छोट्या शेगडीवर तवा मावत नव्हता, तरी भाकरी फुगली. जावई पेपर घेऊन आले. तिनं आम्हा दोघांची ताटं वाढली.

मटणाचा रस्सा आमच्या घरचाच होता, मंडळींच्या हातचा असायचा तसा. तीळ-खोबऱ्याचं वाटण, वर तेलाचा लाल तवंग. पहिला घास घेतला. ओढ्याकाठचे वडील मिशा पुसत माझ्याकडे बघतायत असं वाटत राहिलं. पण दुसरा घास घेतला, तिसरा घेतला.

"मीठ बरोबर आहे?" तिनं विचारलं.

"कमी आहे."

जावयांनी चमकून माझ्याकडे बघितलं. तिनं मात्र मिठाची डबी आणून ताटाशेजारी ठेवली, आणि पहिल्यांदा तिचे खांदे जरा खाली आले. तिच्या आईलाही मी असंच सांगायचो.

मी म्हणालो, "भाकरी दे अजून एक."

ती तव्यावरची भाकरी घेऊन आली. माझ्या ताटावर हात आला आणि तिथंच थांबला. भाकरीची वाफ तिच्या बोटांना लागत असणार.

"बाबा, इथं तुम्ही जेवलात, ते मी आणि हे जाणतो," ती म्हणाली. "पण मला रोज राहायचंय ते तिथं. पुढं कधी कराडला जाल तेव्हा वाटेत लंडनला उतराल का? आणि सासूबाईंच्या शेजारी पाटावर बसून, त्या बघत असताना, माझ्याकडून वाढून घ्याल का?"

जावयांनी मान खाली घातली आणि रश्शात भाकरी कुस्करत राहिले. त्यांची आई होती ती. मी तोंडातला घास चावत होतो. इथं चार भिंतींत प्यायलेलं पाणी एक, आणि सोयऱ्यांच्या डोळ्यांदेखत मान खाली घालून बसणं एक. विहीणबाई काय म्हणतील, कुणाकुणाला सांगतील, ते मला दिसत होतं. घास चावून संपला. मी गिळला. ती हलली नाही. भाकरी तशीच हातात, वाढेना.

"घेईन," मी म्हणालो.

मग तिनं वाढली.